‘भूक लागली की खाईल’ म्हणून थांबू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातल्या आईचं हे पत्र आहे. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने अडीच वर्षांपूर्वी आफ्रिकन पिग्मी हेजहॉग, म्हणजे अंगभर काटे असलेला एक छोटा प्राणी, पाळला. त्याचं नाव चिकू. गेल्या आठवड्यात त्याला सर्दी झाली, नाकातून पाणी येऊ लागलं, श्वास घेताना आवाज यायला लागला. पशुवैद्यकांनी छातीत संसर्ग झाल्याचं सांगून अँटिबायोटिक दिलं. सोबत मांसाहारी प्राण्यांसाठी असलेल्या मऊ खाण्याचा एक डबाही दिला आणि ‘खाल्लं नाही तर सिरिंजने भरवा’ असं सांगितलं. आता दोन रात्री चिकूने काहीच खाल्लेलं नाही. वजन ४३० ग्रॅमवरून ३८५ वर आलंय.

घर शाकाहारी. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई रोज स्वयंपाकघरात देवपूजा करतात, त्यामुळे तो डबा अजून गॅरेजच्या फळीवर बंदच आहे. त्याऐवजी दूध-भात आणि पनीरचा चुरा ठेवून पाहिला. पतीचं म्हणणं, भूक लागली की खाईल, आणि एवढ्याशा जीवामागे किती खर्च करायचा. शेजारच्या आजी म्हणाल्या, थंडीत हेजहॉग झोपतातच, त्याला उठवू नका. मुलगी रात्री तीनदा उठून त्याला बघते. आई विचारतात: “आजारी जीवाच्या तोंडात जबरदस्तीने अन्न कोंबणं मला पाप वाटतं. त्याला शांत राहू द्यावं का? आणि भरवायचंच असेल तर ते आमच्या घरात कसं जमवायचं?”

सल्ला:

नमस्कार,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या: चिकूला आधी ऊब द्या, आणि सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. इथे सविस्तर लिहितेय ते तुमच्यासाठी आहेच, पण परदेशात मुलांच्या हट्टापायी असा वेगळा प्राणी घरी आणलेली अनेक मराठी घरं आहेत आणि त्यांच्यावरही ही वेळ येऊ शकते.

सुरुवात तुमच्या यजमानांच्या वाक्यापासून करते, कारण ते आपल्या सगळ्यांच्याच तोंडी असतं. ‘भूक लागली की खाईल’ हे धडधाकट मुलाला लागू पडतं. आजारी हेजहॉगला नाही. त्याचं पोट रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी मोडायला काढतं आणि ती यकृतात जाऊन साचते. यकृत चरबीने भरलं की मळमळ वाढते, आणि मळमळ वाढली की उरलीसुरली भूकही मरते. म्हणजे जितके दिवस उपास, तितकी खाण्याची शक्यता कमी. एवढ्या लहान जीवात हे चक्र सुरू व्हायला एक-दोन दिवस पुरतात. तुमच्या चिकूचं ४५ ग्रॅम वजन गेलंय. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त आहे. साठ किलोच्या माणसाचं आठवड्यात सहा किलो वजन उतरलं तर आपण त्याला ‘भूक लागली की जेवेल’ म्हणून घरी बसवणार नाही.

तो रुसलेला नाही, हट्टही करत नाहीये. बहुधा त्याला खाता येत नाहीये. हेजहॉगची नजर अधू असते, तो जगतो नाकावर. नाक चोंदलं की समोरचं अन्न त्याच्यासाठी नसल्यासारखंच. श्वास लागत असेल तर चावणं आणि गिळणं त्याला झेपत नाही. काही अँटिबायोटिक्सनी मळमळ होते, काही अतिशय कडू असतात. आणि तोंडातच काही दुखत असेल, म्हणजे हिरडी सुजली असेल, दात हलत असेल किंवा टाळूला काही अडकलं असेल, तर ते बाहेरून कळायला मार्ग नाही, कारण हात लावला की हा प्राणी काट्यांचा गोळा होऊन बसतो. म्हणून फोनवर डॉक्टरांना हे नक्की विचारा: मागच्या वेळी तोंड आतून पाहिलं होतं का? नीट पाहायचं तर बहुतेक वेळा गॅसची हलकी भूल द्यावी लागते. छातीत संसर्ग असताना ती कधी द्यायची हे तेच ठरवतील, पण प्रश्न तुमच्याकडून जायला हवा. वेदनाशामक आणि कातडीखाली देण्याचं सलाईन यांबद्दलही विचारा. शरीरातलं पाणी कमी झालेला प्राणी खात नाही, आणि ते पाणी घरच्या वाटीने भरून निघत नाही. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. त्याने मळमळतंय असं वाटलं तर सांगा, ते बदलून देतील.

आता शेजारच्या आजींबद्दल. त्या चुकीचं सांगत नाहीयेत, फक्त वेगळ्या प्राण्याबद्दल सांगताहेत. इंग्लंडच्या बागांत दिसणारा जंगली हेजहॉग युरोपीय जातीचा. तो शरद ऋतूत चरबी साठवतो आणि हिवाळाभर झोपतो. तुमचा चिकू आफ्रिकेतल्या उबदार गवताळ प्रदेशातला. त्याचं शरीर हिवाळी झोपेसाठी घडलेलंच नाही. त्याला थंडी वाजली की तोही झोपेत जाण्याचा प्रयत्न करतो, पण ती झोप त्याला मारू शकते, आजारपणात तर फारच लवकर.

तुम्ही लिहिलंय की पिंजरा जिन्याखाली, पुढच्या दाराशी आहे आणि थर्मोस्टॅट दिवसा १८ वर, रात्री त्याहून खाली असतो. विजेची आणि गॅसची बिलं पाहता अख्खं घर तापवा असं मी म्हणणार नाही. पण चिकूच्या पिंजऱ्यात २४ ते २९ अंश सेल्सिअस लागतात, आणि आजारात त्यातल्या वरच्या बाजूला राहिलेलं बरं. पिंजरा आजच दारापासून हलवा. सिरॅमिक हीट एमिटर (उजेड न देता फक्त ऊब देणारा दिवा) आणि त्याला जोडलेला छोटा थर्मोस्टॅट, एवढं पुरतं. ते येईपर्यंत कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला दूर सरकता येईल. तापमान अंदाजाने ठरवू नका, आत एक थर्मामीटर ठेवा.

त्याच्या पोटाखाली तळहात सरकवून पाहा. पोट तुमच्या हाताला गार लागलं, तो डगमगत चालत असेल किंवा उघडायला नेहमीपेक्षा फार वेळ घेत असेल, तर त्या क्षणी अन्नाचा विचार सोडा. आधी ऊब. स्वेटरच्या आत, तुमच्या अंगाशी धरून, हळूहळू. गरम पाण्यात बुडवू नका, हेअर ड्रायर लावू नका. गार पडलेल्या प्राण्याचं पोट अन्न पचवत नाही आणि गुंगीतला प्राणी नीट गिळत नाही, अन्न सरळ फुप्फुसात उतरतं. ज्याची छाती आधीच भरलीय त्याला हे परवडणारं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: जबरदस्तीने भरवणं पाप आहे का?

तुमची घालमेल मला कळते. पण ‘शांत राहू देणं’ हा इथे दयेचा पर्याय नाही. त्याच्यावर उपचार होण्यासारखा आजार आहे, औषध सुरू आहे, आणि ते लागू पडायला दिवस लागणार आहेत. तेवढे दिवस त्याला तगवायचं आहे. सिरिंजने भरवणं हा औषधाचाच भाग आहे. क्रूरपणा होऊ शकतो तो भरवण्याच्या पद्धतीत, आणि पद्धत शिकता येते. डॉक्टरांकडे गेलात की त्यांना किंवा नर्सना तुमच्यासमोर एकदा भरवून दाखवायला सांगा, मग त्यांच्यासमोर तुम्ही भरवा. मोबाइलवर व्हिडिओ घ्या. लाजू नका, त्यांना याची सवय असते.

घरी करताना वेळ त्याची निवडा, म्हणजे रात्री आठ-नऊनंतर. दिवा मंद ठेवा. नाकाशी वाळलेलं काही असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने आधी हलकेच पुसून घ्या. वास येऊ लागणं हेच अर्धं काम आहे. डब्यातलं खाणं कोमट पाण्यात कालवा, पातळ पिठल्याइतकं, गुठळी राहू देऊ नका, नाहीतर सिरिंज अडकते आणि मग दाबताना भसकन सगळं तोंडात जातं. आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहा, कोमटच लागला पाहिजे. गरम केल्याने वास उठतो, हा दुसरा फायदा.

सिरिंज एक मिलीची, अर्थातच बिनसुईची. चिकूला फ्लीसच्या तुकड्यात धरून मांडीवर चारी पायांवर बसवा. उताणं कधीही करू नका, बाळासारखं धरलं की छान दिसतं, पण अन्न श्वासनलिकेत जातं. सुरुवातीला फक्त एक थेंब ओठाला लावा आणि थांबा. पुष्कळ हेजहॉग इथेच जीभ बाहेर काढतात आणि मग सिरिंजच्या टोकावरून स्वतः चाटू लागतात. तसं झालं तर जबरदस्तीचा प्रश्नच मिटला. नाही चाटलं, तर टोक तोंडाच्या कडेने, बाजूच्या दातांमधल्या फटीतून आत न्या आणि अगदी थोडं, एक-दोन थेंब सोडा. गिळताना घसा हलतो, तो दिसू द्या. मगच पुढचा थेंब. मध्येच त्याने गोळा केला तर उघडायचा प्रयत्न करू नका, हात स्थिर ठेवून वाट पाहा. पंधरा मिनिटांत जेवढं जाईल तेवढं जाईल, मग त्याला आत ठेवा. सुरुवात एका वेळी एक-दोन मिलीने, दर तीन-चार तासांनी करता येते, पण दिवसाचा एकूण आकडा त्याच्या वजनावरून डॉक्टरांकडून लिहून घ्या. औषध या खाण्यात मिसळू नका. कडू चव एकदा त्या वासाशी जोडली गेली की तो ते खाणंही टाकतो.

खोकला आला, नाकातून अन्न बाहेर आलं किंवा श्वासाला घरघर वाढली की तिथेच थांबा आणि फोन करा. पोट फुगलेलं असेल किंवा उलट्या होत असतील तर भरवूच नका. आतडं तुंबलेलं असताना वरून अन्न घालणं घातक असतं.

रात्रीच्या वेळी कोणाला फोन करायचा, असंही तुम्ही विचारलंय. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सच्या आचारसंहितेप्रमाणे प्रत्येक दवाखान्याला चोवीस तास तातडीचा प्रथमोपचार आणि वेदनाशमन यांची सोय करावी लागते, स्वतः किंवा दुसऱ्या दवाखान्यामार्फत. त्याच कॉलेजच्या संकेतस्थळावर तुमच्या भागातले दवाखाने शोधता येतात. फोनवर पहिलंच वाक्य ‘आफ्रिकन पिग्मी हेजहॉग आहे, दोन रात्री खाल्लं नाही, दहा टक्के वजन उतरलंय’ असं असू द्या, आणि असे प्राणी पाहणारे कोणी आहे का ते विचारा. कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टरही हेजहॉगबाबत कधी कधी बिचकतात. त्यात त्यांचा दोष नाही, पण तुमचा वेळ जातो.

राहिला दूध-भात. तो आजपासून बंद. वाढलेल्या हेजहॉगला दुधातली साखर पचत नाही. जुलाब लागतात, आणि आधीच कोरड्या पडलेल्या शरीरातलं उरलेलं पाणी जातं. पनीरही नको. हा प्राणी मुळात किडे, भुंगेरे, गांडुळं खाणारा आहे. भातावर तो जगत नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देते. अडीच वर्षं चिकू जे कोरडे तपकिरी दाणे खातोय, ते तुम्हीच लिहिलंय त्याप्रमाणे मांजराच्या पिल्लांचे आहेत. पाकिटाची मागची बाजू वाचा. त्यात पहिला घटक बहुधा कोंबडीच निघेल. म्हणजे मांस तुमच्या घरात आधीपासून आहे, फक्त ते ओळखू येत नव्हतं. हे मी तुम्हाला कोंडीत पकडायला म्हणत नाही. तुमचा शाकाहार तुमच्या ताटापुरता खरा आहे आणि तो अबाधित राहू शकतो. पण मांस-किडे खाणारा प्राणी पाळायचं ठरलं तेव्हाच त्याचं जेवण त्याच्या जातीप्रमाणे द्यायचं हेही ठरलं. इंग्लंडमध्ये २००६ च्या ॲनिमल वेल्फेअर ॲक्टने योग्य आहार देणं ही पाळणाऱ्याची कायदेशीर जबाबदारीच केली आहे.

स्वयंपाकघराचा तिढा तर तुम्ही समजताय त्याहून सोपा आहे. चिकूचं काहीच स्वयंपाकघरात असता कामा नये, धर्म म्हणून नव्हे, आरोग्य म्हणून. निरोगी दिसणाऱ्या हेजहॉगच्या विष्ठेतही साल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब-तापाने आजारी पाडणारा जिवाणू, असू शकतो. अमेरिकेत २०१९ आणि २०२० मध्ये पाळीव हेजहॉगमधून माणसांत याच्या साथी पसरल्या होत्या. घरात वयस्क माणूस आहे. तेव्हा त्याच्या वाट्या, सिरिंजा, पळायचं चाक यांची धुणी ओट्यावर किंवा भांडी घासायच्या सिंकमध्ये कधीच नकोत. गॅरेजमध्ये किंवा युटिलिटी रूममध्ये एक टेबल, एक किटली, वेगळी बादली, त्याचे चमचे आणि साबण, एवढी मांडणी करा. उघडलेला डबा किती वेळ चालतो ते त्यावर छापलेलं असतं. तो ठेवायला लहान फ्रीज नसेल तर दिवसापुरत्या छोट्या वड्या गोठवून घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवा. सासूबाईंना हे सांगताना ‘तुमच्यासाठी वेगळं ठेवलंय’ असं सांगता येईल, आणि ते खरंच असेल.

त्यांना यातून वगळू मात्र नका. दिवसभर घरी त्याच असतात. दर काही तासांनी पिशवीतलं पाणी बदलणं, थर्मामीटर पाहणं ही कामं त्यांना विचारून तर बघा. हात धुवायचे, एवढंच. तुमच्या पत्रात त्या चिकूला ‘बिचारं’ म्हणतात असा उल्लेख आहे. ज्यांना बिचारं वाटतं त्या मदत करतील असं मला वाटतं.

सिरिंजसोबत त्याला स्वतःहून खायची संधीही रोज मिळायला हवी. रात्री त्याचे नेहमीचे दाणे मोजून ठेवा, समजा तीस, आणि सकाळी मोजा. दोन कमी झाले तरी ती बातमी आहे. कोरडे दाणे थोडे भिजवून, मिल-वर्म (खाद्य म्हणून मिळणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या) चिरडून त्यावर माखून ठेवले तर अनेकदा काम होतं. (मिल-वर्ममध्ये चरबी फार असते, त्यामुळे हे आमिषापुरतंच.) बिनतेलाचं, बिनमिठाचं, दूध न घातलेलं परतलेलं अंडंही चालतं. लहान बाळांसाठी मिळणारी कोंबडीची प्युरी वापरणार असाल तर बाटलीवर कांदा-लसणाची पूड नाही ना हे पाहा. पाण्याची नळी असेल तर सोबत उथळ वाटीही ठेवा, अशक्त प्राण्याला नळी चोखणं जड जातं.

रोज एकाच वेळी किचनच्या काट्यावर, पण त्याच्यासाठी वेगळ्या घेतलेल्या काट्यावर, वजन करा आणि तारीख, वजन, किती मिली गेलं, शी कशी झाली, हे वहीत लिहा. उपाशी पोटी हिरवट शी होते. डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. उतरायचं थांबलं तर तुम्ही जिंकताय. आणि खायला लागला म्हणून सिरिंज एकदम बंद करू नका, दाणे जसे वाढतील तसे मिली कमी करत जा.

खर्चाबद्दल यजमानांशी आत्ताच, शांतपणे बोला. तपासणीच्या आधी दवाखान्याकडून अंदाजे आकडा मागता येतो, टप्प्याटप्प्याने काय करता येईल तेही विचारता येतं. ‘एवढासा जीव’ हा मुद्दा मला पटत नाही, पण घराची ऐपत हा खरा मुद्दा आहे आणि तो बोलण्यात कमीपणा नाही.

एका गोष्टीवर मात्र तुमच्या मनातली शंका रास्त आहे. भरवत राहणं हे नेहमीच बरोबर नसतं. हे प्राणी साधारण तीन ते पाच वर्षं जगतात आणि त्यांच्यात गाठींचं, कर्करोगाचं प्रमाण बरंच असतं. मागच्या पायांपासून सुरू होऊन वाढत जाणारा, उपाय नसलेला एक मज्जातंतूंचा आजारही त्यांच्यात आढळतो. संसर्ग बरा होऊनही चिकू खात नसेल, भरवूनही वजन उतरत राहिलं आणि तपासणीत असं काही निघालं, तर डॉक्टरांना सरळ विचारा: आपण त्याला बरं करतोय की फक्त लांबवतोय? तेव्हा त्याला वेदनेविना जाऊ देणं हाच योग्य निर्णय असू शकतो. पण तो निर्णय निदानानंतरचा. आज, छातीच्या संसर्गाला औषध सुरू असताना, तो घेण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आणि तुमच्या लेकीला खरं सांगा. तो गंभीर आजारी आहे, वाचण्याची आशा आहे, खात्री नाही. तेराव्या वर्षी मुलांना घरातल्यांच्या चेहऱ्यावरून सगळं कळतंच. न सांगितलेलं त्यांना जास्त छळतं. वहीचं आणि वजनाचं काम तिच्याकडे द्या, संध्याकाळचं भरवणं तिने तुमच्यासोबत करावं. रात्री उशिराची फेरी मात्र तुम्ही आणि यजमानांनी वाटून घ्या, तिला शाळा आहे. तिने रात्री उठणं थांबवायचं असेल तर ‘झोप गं, काही होत नाही’ असं सांगून ती थांबणार नाही. कोण किती वाजता उठणार हे त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि तिला दाखवा.

पुढच्या आठवड्यात वजनाचे आकडे मला जरूर कळवा.